इसहाकाला बोलतं कोणी केलं? उत्पत्तीचा बाविसावा अध्याय आणि ब्रोमचं नाटक

प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी एक विद्यार्थिनी बायबलमधल्या अब्राहाम-इसहाकाच्या गोष्टीची तुलना त्याच गोष्टीवरच्या मध्ययुगीन इंग्रजी नाटकाशी करते आहे. नाटक ब्रोम हस्तलिखितातलं. साम्य-भेदांचा तक्ता झाला, पण मार्गदर्शकांनी 'ही यादी झाली, तुलना नव्हे' म्हणून परत पाठवला. नाटककाराने गोष्ट वाढवली आणि भावनिक केली, यापलीकडे काय लिहायचं, असं तिने विचारलं आहे.

मध्ययुगीन नाटक मी बरीच वर्षं शिकवतो आहे. 'नाटककाराने गोष्ट भावनिक केली' हे वाक्य दर परीक्षेत भेटतं. ते खोटं नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. तुमचा तक्ता टाकून देऊ नका, फक्त थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी मूळ गोष्ट एकटीच वाचा. नाटकात काय जास्तीचं आहे हे नंतर बघू. मूळ गोष्ट कुठे कुठे गप्प बसते, ते आधी शोधा. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे: नाटककार मनाला येईल तिथे भर घालत नाही. त्याची भर नेमकी मूळ गोष्टीच्या गप्प जागांवर पडते. आणि या नाटकातली सगळ्यात मोलाची भर बळी टळल्यानंतर येते, जिथे विद्यार्थ्यांचं वाचन सहसा संपलेलं असतं.

एक व्यवहाराची सूचना आधीच देतो. शब्दाला शब्द लावून मुद्दा मांडणार असाल तर किंग जेम्स बायबल समोर ठेवू नका. ते 1611 चं. नाटक पंधराव्या शतकातलं, आणि त्या काळच्या इंग्लंडमधल्या चर्चचं बायबल लॅटिन व्हल्गेट. प्रसंग समजून घ्यायला मराठी पवित्र शास्त्र उत्तम आहे, पण 'नाटककाराने हा शब्द बदलला' असं विधान त्यावर उभं करता येत नाही. परीक्षक पहिली टाचणी तिथेच लावतात.

आता बायबलमधलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, अध्याय 22, ओव्या 1 ते 19. देव अब्राहामाला सांगतो: तुझा एकुलता, तुझा लाडका मुलगा इसहाक घे, मोरिया देशात जा, मी दाखवीन त्या डोंगरावर त्याचा होम कर. अब्राहाम यावर काय म्हणाला? काही नाही. तो पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, दोन गडी आणि मुलगा बरोबर घेतो, लाकडं फोडतो आणि निघतो. तिसऱ्या दिवशी ती जागा दुरून दिसते. मधल्या प्रवासाबद्दल एक अक्षर नाही. इसहाकाच्या आईला, साराला, सांगितलं का, तिने अडवलं का, याचाही पत्ता नाही. तिचं नाव या प्रसंगात येतच नाही.

मग गड्यांना खाली ठेवून बाप-लेक वर चढतात. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. 'ते दोघे बरोबर चालत गेले.' मुलगा विचारतो, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, होमाचं कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, देव कोकराची सोय करील, बाळा. आणि पुन्हा तेच वाक्य: 'ते दोघे बरोबर चालत गेले.' प्रश्नाच्या आधी एकदा, उत्तरानंतर एकदा. पहिल्या वेळी मुलाला काही माहीत नाही. दुसऱ्या वेळी? गोष्ट सांगत नाही. वर वेदी बांधतात, लाकडं रचतात, मुलाला बांधतात, वेदीवर ठेवतात, सुरी उचलतात. मुलगा ओरडला का, निमूट पडून राहिला, हात जोडले? एक शब्द नाही. त्याचं वयही दिलेलं नाही. या एका कोऱ्या जागेवर यहुदी परंपरेने केवढं लिहून ठेवलंय! साराच्या वयावरून हिशोब मांडून कोणी इसहाकाला 37 वर्षांचा केला, इतिहासकार जोसेफसने 25 वर्षांचा.

आणि शेवट नीट बघा, कारण तुमच्या तक्त्यात तो बहुधा नाही. देवदूत हाक मारतो, झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडतो, त्याचा होम होतो, आशीर्वाद मिळतो. मग एकोणिसावी ओवी: अब्राहाम आपल्या गड्यांकडे परत आला आणि ते मिळून बैर-शेबाला गेले. अब्राहाम परत आला. इसहाकाचं नावच नाही. जिवावरचं टळलेला मुलगा डोंगरावरून उतरला कसा, बापाशी बोलला का, हे विचारायचं भानसुद्धा कथेला नाही. कारण परीक्षा बापाची होती, आणि ती संपली.

आता नाटक. ब्रोमचं हस्तलिखित म्हणजे कुठल्या चर्चची किंवा कारागीर-संघाची अधिकृत प्रत नव्हे. ती घरगुती वही आहे. इंग्लंडच्या सफोकमधल्या ब्रोम हॉलमध्ये एकोणिसाव्या शतकात ती उजेडात आली आणि लूसी टूलमिन स्मिथ यांनी 1886 मध्ये ती संपादित करून छापली. आता ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. वहीत एकीकडे जमाखर्चाच्या नोंदी आणि एकीकडे हे 465 ओळींचं नाटक. कोणीतरी घरच्या कामाच्या वहीत ते उतरवून ठेवलं, एवढी गोष्ट लक्षात असू द्या, कारण नाटकाचा जीवही घरगुतीच आहे. पात्रं पाच: देव, देवदूत, अब्राहाम, इसहाक आणि शेवटी येऊन तात्पर्य सांगणारा विद्वान, ज्याला नाटकात 'डॉक्टर' म्हटलंय. गडी नाहीत, गाढव नाही, तीन दिवसांचा प्रवास नाही. पाच जणांत सगळं उरकायचं तर बाप-लेक एकटेच राहतात, आणि एकटे राहिले की बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं.

पहिलीच भर बघा. देवाची आज्ञा येण्याआधी अब्राहाम प्रार्थना करतो आणि आपणहून सांगतो की देवा, तुझ्याखालोखाल माझं प्रेम या इसहाकावर आहे. उत्पत्तीत 'तुझा लाडका' हे देव म्हणतो. इथे बापाच्या तोंडून ते आधीच वदवून घेतलंय, आणि पुढच्या क्षणी देव ठरवतो की बघू या, माझ्यावर जास्त प्रेम आहे की पोरावर. बाप जे कौतुकाने बोलला त्याचाच पुरावा त्याच्याकडे मागितला जातो. ही नाटककाराची हुशारी आहे. भावनेचा मुद्दा त्याच्या नंतर येतो.

डोंगरावरचा संवाद मात्र तुम्हाला ओळीओळीने वाचावा लागेल. उत्पत्तीत मुलगा एकच प्रश्न विचारतो. इथे तो विचारतच राहतो, आणि प्रश्नांचा क्रम अतिशय विचारपूर्वक लावलेला आहे. आधी तोच बायबलमधला प्रश्न: विस्तव आहे, लाकूड आहे, जिवंत जनावर कुठे दिसत नाही. मग बापाचा चेहरा असा का उतरलाय. मग नजर तलवारीवर जाते: ही उपसलेली तलवार माझ्यासाठी का, बाबा? उत्पत्तीतली दोनदा आलेली ती ओळ आठवा. पहिल्या 'बरोबर चालत गेले' आणि दुसऱ्या 'बरोबर चालत गेले' यांच्यामध्ये मुलाला किती कळलं, हे मूळ गोष्टीने झाकून ठेवलं होतं. नाटककार ते पायरीपायरीने उघडं करतो.

कळल्यावर मुलगा काय म्हणतो ते माझ्या शब्दांत देतो: माझं काही चुकलं असेल तर छडीने मारा, मी सुतासारखा सरळ होईन, पण तलवारीने मारू नका, कारण मी अजून लहान आहे हो. छडी आणि तलवार! पोराच्या अनुभवातली सगळ्यात मोठी शिक्षा छडी, आणि तेवढ्यावर भागवता येईल का, अशी ती घासाघीस आहे. त्याच भरात तो म्हणतो, आई आत्ता इथे डोंगरावर असती तर! दोन्ही गुडघे टेकून तिने माझ्यासाठी गयावया केली असती. साराचं नाव मूळ प्रसंगात नाही हे मघाशी पाहिलं. नाटककार तिला रंगमंचावर आणत नाही. तिची अनुपस्थितीच तो मुलाच्या तोंडून बोलून दाखवतो. पुढे देवाची इच्छा म्हटल्यावर इसहाक मान तुकवतो, पण काय म्हणून तुकवतो? देवाच्या मनात असतं तर याहून बरं नशीब त्याने माझ्या वाट्याला पाठवलं असतं. कुरकूर न करण्याचं वचन देतादेता केलेली ही बारीक कुरकूर आहे. ही ओळ वगळून 'आदर्श आज्ञाधारक पुत्र' वगैरे लिहिलंत तर नाटक तुमच्या हातून निसटलं.

मग निरवानिरव. तुम्हाला आणखी एखाददोन मुलं आहेत, त्यांना लावा जीव, मी गेलो की थोड्या दिवसांत विसराल. आईला काही सांगू नका, सांगा की मी दुसऱ्या देशी राहायला गेलोय. डोळ्यांवर फडकं टाका म्हणजे तलवार दिसणार नाही. हात बांधायला बाप पुढे येतो तेव्हा मुलगा विचारतो, कशाला? तू अडवू नयेस म्हणून, असं उत्तर येतं. आणि मुलगा सांगतो, मी नाही अडवणार. उत्पत्तीत 'त्याला बांधलं' हे एक क्रियापद आहे, त्यात मुलाची बाजूच नाही. नाटकात बांधणं हे बापाच्या भीतीचं काम होतं. त्या वाक्यानंतर दोघांपैकी धीराचा कोण, हे प्रेक्षक बरोबर ओळखतो.

इथे मराठी वाचकाला चिलया बाळ आठवल्याशिवाय राहत नाही, आणि आठवावाच. श्रियाळ राजा आणि चांगुणा यांच्या दारी अतिथी होऊन आलेला शंकर पोटच्या पोराचं मांस मागतो, बाळ स्वतः तयार होतो, आई त्याचं मस्तक उखळात कांडते आणि डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. तिथे आई समोर आहे आणि हात तिचाच चालतो. शिवाय मूल खरोखर मारलं जातं, मग जिवंत होऊन येतं. ब्रोममध्ये आई दूर आहे आणि मूल वाचतं. तरी बळी जाणाऱ्या मुलाने होकार द्यायचा, ही गरज दोन्हीकडे सारखी आहे, कारण ऐकणाऱ्यांच्या समोर नाखूश मुलाचा गळा चिरता येत नाही. कीर्तनकाराला ते जसं माहीत होतं तसं या अनाम नाटककारालाही होतं. प्रबंधिकेत एक परिच्छेद यावर घालायला हरकत नाही, पण एकच. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव वगैरे सुचवायला जाऊ नका.

देवदूताकडे येऊ. उत्पत्तीत तो आकाशातून हाक मारतो: अब्राहामा, अब्राहामा. फक्त आवाज. ब्रोमच्या संहितेत रंगसूचना अशी आहे की अब्राहाम घाव घालायला हात उगारतो आणि देवदूत अचानक तलवार आपल्या हातात पकडतो. फरक तुमच्या तक्त्यात 'दृश्यात्मकता' या खणात गेला असेल. त्याला तिथून बाहेर काढा. आवाजाने थांबलेला बाप ऐकून थांबतो, आज्ञाधारक राहूनच थांबतो. हाताने थांबवलेला बाप थांबला नसता. घाव निघालेला होता. म्हणजे इतका वेळ रडत-कढत, चालढकल करत आलेला हा बाप शेवटच्या क्षणी मूळ गोष्टीतल्या अब्राहामापेक्षाही एक पाऊल पुढे गेलेला आहे. आणि फडक्याखाली डोळे झाकून पडलेल्या मुलाला यातलं काही कळलेलं नाही. तो अजून विचारतोच आहे, बाबा, का थांबलात, मारा ना एकदाचं.

आता शेवटाकडे. मी वर म्हटलं तसं, उत्पत्तीची एकोणिसावी ओवी इसहाकाला विसरते. नाटककार तिथे जवळजवळ हट्टाने थांबतो. एडका समोर आल्यावर मुलगा त्याच्याशी बोलतो: मेंढरा, मेंढरा, तुझं भलं होवो, आज माझ्या जागी तू मरणार. इथपर्यंत कोणालाही सुचलं असतं. मग होमासाठी विस्तव फुंकायचा असतो. मुलगा म्हणतो, फुंकतो, पण बाबा, मी खाली वाकलो तर तुम्ही तलवारीने मला मारणार नाही ना? बाप म्हणतो, नाही रे बाळा, भिऊ नकोस, माझं दुःख सरलं. मुलगा म्हणतो, ते खरं, पण ती तलवार विस्तवात गेली असती तर बरं, तिची मला फार धास्ती वाटते.

या चार ओळींवर तुमची प्रबंधिका उभी राहू शकते. बापाचं वाक्य बघा: 'माझं' दुःख सरलं. त्याच्यापुरतं प्रकरण मिटलंय, जसं उत्पत्तीच्या निवेदकापुरतं मिटलं होतं. मुलापुरतं मिटलेलं नाही. मान खाली घालायची म्हटली की मागे तलवार आहे का ते त्याला आधी विचारावं लागतं, आणि विचारतो कोणाला, तर ती धरणाऱ्यालाच. घरी निघताना तो सांगून टाकतो की या डोंगरावर मी आपखुशीने पुन्हा पाऊल ठेवणार नाही. देवाचा आशीर्वादही इथे बदललेला आहे. उत्पत्तीत ताऱ्यांएवढी संतती अब्राहामाला मिळते. नाटकातला देव दोघांची नावं घेतो आणि तुम्हा दोघांचा वंश वाढवीन म्हणतो. परीक्षा दोघांनी दिली, हे नाटककाराने देवाच्या तोंडून मान्य करून घेतलं.

यानंतर डॉक्टर येतो. बरेच जण त्याला 'उपदेशपर उपसंहार' म्हणून एका ओळीत उडवतात. तो प्रेक्षकांना सरळ विचारतो: देवाने देवदूत पाठवून तुम्हाला तुमचं मूल मारायला सांगितलं, तर खरं सांगा, तुमच्यातला कोणी कुरकूर करील का, विरोध करील का? आणि लगेच स्वतःच म्हणतो, मला वाटतं, तीनचार तरी निघतील, जास्तच. हशा पिकला असणार तिथे. मग तो त्या बायकांकडे वळतो ज्या आपली मुलं दगावली म्हणून आक्रोश करतात, आणि सांगतो, देवाच्या इच्छेपुढे रडून काय उपयोग. त्या काळात लहान मुलं दगावणं घरोघरचं होतं. समोरच्या गर्दीत अशा आया होत्याच. म्हणजे नाटककाराला अब्राहामाच्या गोष्टीत जो बाप दिसतोय तो श्रद्धेचा आद्य पुरुष नंतर, आधी मूल गमावणारा माणूस आहे. आणि त्या आयांचं मूल काही एडका पाठवून परत मिळालेलं नाही. डॉक्टरचा उपदेश मला स्वतःला तोकडा वाटतो. मुलाची ती तलवारीची धास्ती दाखवल्यावर 'कुरकूर करू नका' एवढं सांगून भागत नाही, आणि नाटक आपल्याच तात्पर्यापेक्षा मोठं होऊन बसतं. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही, पण या विसंगतीबद्दल काहीतरी भूमिका घ्या.

ब्रोमचं वेगळेपण ठसवायला याच गोष्टीवरची एकदोन भावंडं-नाटकं शेजारी ठेवा. मध्ययुगात ही गोष्ट मुख्यतः ख्रिस्ताच्या बलिदानाची पूर्वछाया म्हणून वाचली जायची: पाठीवर लाकूड घेऊन डोंगर चढणारा इसहाक म्हणजे क्रूस वाहणारा ख्रिस्त. यॉर्क शहराच्या नाट्यमालेत (बायबलमधल्या गोष्टींवर ओळीने केलेल्या नाटकांत) तर इसहाक तीस वर्षं उलटलेला पुरुष आहे, म्हणजे ख्रिस्ताच्या वयाशी जुळता. चेस्टर शहराच्या अशाच मालेत विवेचक नावाचं पात्र येऊन अब्राहाम म्हणजे पिता आणि इसहाक म्हणजे येशू, असं समजावून सांगतं. गंमत म्हणजे चेस्टर आणि ब्रोम यांच्या डोंगरावरच्या संवादात कितीतरी ओळी जवळजवळ सारख्या आहेत, तरी चेस्टरचा शेवट धर्मशास्त्रात होतो आणि ब्रोमचा मूल गेलेल्या आयांपाशी. तेच संवाद, निष्कर्ष दोन. हा मुद्दा तक्त्यातल्या दहा खणांच्या तोडीचा आहे. (यॉर्कला हे नाटक चर्मपत्र करणाऱ्यांच्या आणि पुस्तकबांधणीवाल्यांच्या संघाकडे होतं, चेस्टरला न्हाव्यांच्या. मेंढराचं कातडं कमावणारे आणि वस्तरा चालवणारे, वाटप करणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. हे प्रबंधिकेत लिहू नका.)

ब्रोममध्ये नुसती आठवली गेलेली सारा प्रत्यक्ष बोलताना ऐकायची असेल, तर नॉर्दम्प्टनचं म्हणून ओळखलं जाणारं नाटक वाचा. त्याचं हस्तलिखित डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. तिथे बाप-लेक घरी परततात, काय होणार होतं ते साराला कळतं आणि ती नवऱ्याला विचारते, अहो, तुमचं मन होतं कुठे? अब्राहाम म्हणतो, माझं मन? देवाच्या ठायी. शब्दमर्यादेमुळे काही गाळावं लागलं तर यॉर्क गाळा, साराचा हा प्रश्न ठेवा.